आईचं वय ७६, जबड्याचं मोठं ऑपरेशन सांगितलंय. करावं का?

निशिगंधा_क

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसती वाचनमात्र आहे. पहिलाच धागा काढतेय आणि तोही असा.

आईला उजव्या गालाच्या आतून, खालच्या हिरडीला लागून जखम झाली होती. कवळी घासते म्हणून हळद, ग्लिसरीन असं काही महिने चाललं. बायोप्सीत कॅन्सर निघाला. सीटीमध्ये जबड्याच्या हाडापर्यंत गेलेला दिसतोय, मानेत एक गाठ आहे, छाती स्वच्छ आहे. इथल्याच, नाशिकच्या सर्जननी सांगितलं की जबड्याचा तेवढा तुकडा काढायचा, मानेतल्या गाठी काढायच्या, छातीचं नाहीतर पायाचं मांस आणून तिथे लावायचं आणि मग सहा आठवडे रेडिएशन.

आईला शुगर आहे, गोळ्यांवर. बीपी आहे. बाकी खुटखुटीत. इंदिरानगरला आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही, भाजीची पिशवी घेऊन स्वतः चढते. अर्धं आयुष्य निफाडला शेतात गेलं. मिश्री लहानपणापासून, आणि माझ्या मते अजूनही लपूनछपून.

घरात दोन तट पडलेत. दादाचं म्हणणं, या वयात कापाकापी नको, आहेत ते दिवस सुखाने जाऊ देत. मला वाटतं, पूर्ण माहिती तरी घेऊ. डॉक्टर म्हणाले, "वयाचा प्रश्न नाही." त्यावर दादा, "ते दुसरं काय म्हणणार?" पंचाहत्तरीच्या आसपास कुणाचं असं ऑपरेशन तुमच्या घरात झालंय का? पुढे कसं गेलं? साखरपेरणी न करता सांगा.

गोदाकाठ

काळजी घ्या ताई. आईंना बळ मिळो.

तपोवनी

माझ्या वडिलांचं झालंय. तेव्हा ७४ पूर्ण होते. तंबाखू-चुना, डावा गाल, हाडाची कड काढली, मान साफ केली आणि छातीचं मांस कातडीसकट वर वळवून गालात लावलं. सकाळी आत नेलं ते संध्याकाळी बाहेर आणलं.

साखरपेरणी नको म्हणालात म्हणून क्रमाने लिहितो. पहिला धक्का चेहरा पाहून बसतो. सूज इतकी असते की आपलाच माणूस आहे का असं वाटतं. गळ्यात श्वासाची नळी, नाकात जेवणाची नळी, बोलता येत नाही, पाटीवर लिहायचं. दुसऱ्या-तिसऱ्या रात्री वडिलांना भलतंच दिसायला लागलं. फवारणीला उशीर होतोय, ट्रॅक्टर काढा, असं हातवारे करून सांगत होते आणि नाकातली नळी उपटली. सिस्टरने हात बांधले तेव्हा माझी बहीण ढसाढसा रडली. कुणी आधी सांगितलं असतं की म्हाताऱ्या माणसांत असं होतं आणि बहुतेकदा उतरतं, तर आम्ही एवढे हादरलो नसतो. हळूहळू उतरलंच.

आणखी एक गोष्ट कुणीच सांगत नाही. छातीची कातडी तोंडात लावली की पुरुषांना तोंडात केस येतात! वडील सारखे थू थू करायचे, आम्हाला कळेना काय होतंय. पुढे रेडिएशनमध्ये ते केस गेले. तुमच्या आईंना ही भानगड नाही.

आता तिसरं वर्ष चालू आहे. तोंड वाकडं आहे, दोन बोटांएवढंच उघडतं. सदरा घालताना डावा हात वर जात नाही, कारण मान साफ करताना खांद्याची नस दुखावते, व्यायाम लगेच सुरू करा. मऊ भात, वरणात चुरलेली पोळी, शिरा असं सगळं तोंडाने खातात. समोर बसून बोललेलं कळतं, फोनवर कळत नाही, म्हणून आता व्हॉट्सॲपवर रोज सकाळी सुविचार पाठवतात. ऑपरेशनचं हे सगळ्यात मोठं कॉम्प्लिकेशन.

बिनधास्त_बंडू

शेवटच्या कॉम्प्लिकेशनवर टाटालाही औषध नाही. आमच्या घरी तर ऑपरेशन न होताच झालंय.

सिन्नरकरीण

तपोवनी, वडील बरे आहेत हे वाचून आनंद वाटला. पण निशिगंधाताईंनी दुसरी बाजूही वाचावी म्हणून लिहिते.

सासरे ८१. जिभेचा कॅन्सर. आयुष्यभर विडी, जिना चढताना मध्ये थांबायचे. हातातून मांसाचा तुकडा काढून, रक्तवाहिन्या जोडून जिभेच्या जागी लावला. सिस्टर दर तासाला टॉर्च मारून रंग बघायच्या, सुई टोचून लाल रक्त येतंय का बघायच्या. तुकडा शेवटपर्यंत गुलाबी राहिला. सगळे डॉक्टर खूश. पण छातीत कफ साठला, न्यूमोनिया झाला, पुन्हा व्हेंटिलेटर, मग किडनी. घरी आले ते अंथरुणातच, आणि उन्हाळा संपायच्या आत गेले. डिस्चार्ज पेपरवर ऑपरेशन यशस्वी असं लिहिलेलं आहे. तो कागद मी अजून फाडलेला नाही.

हॉस्पिटलचं नाव घेणार नाही. पण ऑपरेशनच्या आधी फुफ्फुसांची तपासणी झाली नव्हती, आणि "यांना दम लागतो, भूल झेपेल का" या माझ्या प्रश्नाला "बघू" एवढंच उत्तर मिळालं होतं. दादाला मी तरी वेड्यात काढणार नाही.

छाटणीवाला

दादाच्या बाजूने मी पण एक मत टाकतो. माझी आई ८३ ची, तिला उद्या असं काही निघालं तर मीही नको म्हणेन. तरी एक सांगतो, आम्ही बागेत वेल किती वर्षांचा हे विचारून छाटणी घेत नाही, ओलांडा, म्हणजे वेलाची आडवी मुख्य फांदी, कसा आहे ते बघतो. सिन्नरकरीण ताईंचे सासरे आणि तपोवनींचे वडील यात तोच फरक दिसतोय. इथे कुणी डॉक्टर असतील तर बोला राव.

भूलवैद्य

बोलते. या पेशंटना मी बरीच वर्षं भूल देतेय. आई पाहिलेल्या नाहीत, तेव्हा याला सल्ला समजू नका, सर्जनना काय विचारायचं याची तयारी समजा.

छाटणीवाल्यांनी माझं अर्धं काम केलं. जन्मतारीख आम्हीही वाचतो, पण तिच्यावर ठरवत नाही. अनुभवी हातात रक्तवाहिन्या जोडून लावलेले शंभरातले पंचाण्णवच्या आसपास तुकडे जगतात आणि त्यात तरुण-म्हातारे असा फारसा फरक पडत नाही. बिघडतं ते बाकीचं. न्यूमोनिया, हृदयाचे अनियमित ठोके, किडनी, आणि तपोवनींनी लिहिलेला तो भ्रम, म्हणजे डिलिरियम. वय वाढतं तसं हे वाढतं. सर्जनचं काम चोख होऊनही माणूस हातचा जाऊ शकतो, हे सिन्नरकरीण ताईंनी माझ्यापेक्षा नीट लिहिलंय.

मग बघायचं काय? त्याला आम्ही फ्रेल्टी म्हणतो, म्हणजे शरीर किती थकलंय ते. एक ते नऊ अशी पट्टी असते, एक म्हणजे टणक, नऊ म्हणजे अखेरचा टप्पा. आजाराने पाडण्याआधी माणूस कसा होता ते विचारायचं. बाजारात एकटा जातो का, स्वतःची औषधं स्वतः घेतो का, गेल्या वर्षात पडलाय का, नावं विसरतो का. दुसरा मजला आणि भाजीची पिशवी ही ओळ मला दहा रिपोर्टांपेक्षा जास्त काही सांगून गेली. त्याच्या जोडीला वजन किती घटलं, अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन) ३.५ च्या वर आहे का, तीन महिन्यांची शुगर, टू डी इको (हृदयाची सोनोग्राफी), आणि चुलीपुढे किंवा मिश्रीत आयुष्य गेलेल्या बाईची फुफ्फुसं. हे झाल्याशिवाय तारीख घेऊ नका.

छाती की पाय, याचं. हनुवटीचा पुढचा भाग काढायचा असेल तर पायाचं हाड लावावं लागतं, नाहीतर हनुवटी आत जाते आणि लाळ सतत गळते. बाजूचा, मागचा तुकडा असेल तर वयस्करांत पुष्कळदा हाड न लावता नुसतं छातीचं मांस लावतात. जबडा एका बाजूला सरकतो, पण टेबलावरचे काही तास वाचतात. आईंचा नेमका कुठला तुकडा जाणार हे विचारा, अर्ध्या प्रश्नांची उत्तरं तिथेच आहेत.

रेडिएशनबरोबर केमो जोडायची का असं पुढे कुणी विचारेल. जगभरच्या चाचण्या एकत्र करून बघितलं तेव्हा सत्तरीच्या पुढे त्या जोडकेमोचा फायदा दिसला नाही. तेव्हा कुणी आग्रह धरला तर कारण विचारा.

आणि मिश्री आजच बंद. तीन गोळ्यांचं ते फुंकणीयंत्र मेडिकलमध्ये मिळतं, आतापासून दिवसातून चार वेळा ओढायला लावा. ओढायचं, फुंकायचं नाही!

बिनधास्त_बंडू

शेवटचं वाक्य ठळक करा. माझ्या काकांनी आठवडाभर ते फुंकलं आणि गोळ्या हलत नाहीत म्हणून दुकानदाराशी भांडून आले.

रानवारा

मोठी ऑपरेशनं करण्यापेक्षा एकदा आमच्या गावाकडचे वैद्य बघा. झाडपाल्याचा लेप देतात. चाकू लागला की कॅन्सर पसरतो असं जुनी माणसं सांगतात ते उगाच नाही.

भूलवैद्य

रानवारा, चाकूने पसरत नाही. लेप लावण्यात महिने गेल्यावर चाकूपाशी येतात, तोवर पसरलेलाच असतो. ज्यांना लेप लावायचाय त्यांनी कृपया स्वतःच्या गुडघ्याला लावा.

रानवारा

एवढं चिडायचं कारण नाही मॅडम. मी फक्त पर्याय सुचवला.

जुनानाशिककर

माझं स्पष्ट मत, परळला टाटाला जा. १९४१ पासूनचं हॉस्पिटल आहे, तोंडाच्या कॅन्सरची तिथे जेवढी ऑपरेशनं होतात तेवढी क्वचितच कुठे होत असतील. मानेतल्या गाठी आधीच काढाव्यात की दिसल्यावर, हा वाद २०१५ मध्ये त्यांच्याच चाचणीने मिटवला. सुरुवातीच्या टप्प्यातल्या पेशंटमध्ये आधीच काढल्या तर तीन वर्षांनी ८० टक्के लोक हयात होते, थांबून काढल्या तर ६७.५ टक्के. नाशिकरोडहून सकाळची पंचवटी, दादरला उतरा, टॅक्सी करा. कॅन्सरच्या पेशंटला आणि सोबत्याला रेल्वेची सवलत आहे, फॉर्मवर डॉक्टरांचा शिक्का लागतो. राहायला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा किंवा परळला नाना पालकर स्मृती समिती, पण जागा आधी विचारून घ्या.

तपोवनी

काका, टाटाबद्दल आदर आहेच. पण रेडिएशन म्हणजे आठवड्यातले पाच दिवस, सहा आठवडे, आणि ते ऑपरेशननंतर साधारण सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हायला हवं. ७६ वर्षांच्या बाईला धर्मशाळेत की घरी? आम्ही मत मुंबईचं घेतलं, ऑपरेशन आणि शेक दोन्ही नाशकात. वडील रोज स्वतःच्या पलंगावर झोपले, त्याची किंमत मोठी होती. 'नव्या' नावाची ऑनलाइन सोय आहे, रिपोर्ट पाठवून टाटाच्या तज्ज्ञांचं मत घेता येतं.

जुनानाशिककर

पोराबाळांचा मनुष्यबळ-पुरवठा असेल तर ठीक. आमच्याकडे मी आणि आमची ही, दोघंच. कुठेही गेलो तरी धर्मशाळाच.

मिसळप्रेमी

थोडं अवांतर. माझ्या सासूबाईंना रेडिएशननंतर तर्रीचा नुसता वाससुद्धा सहन होत नाही. नाशिकमध्ये राहून मिसळ न खाणं म्हणजे शिक्षाच. कुणी ना तिखट, ना फिकी अशी जागा सांगेल का?

छाटणीवाला

मिसळ फिकी खायची असेल तर पुण्याला जा.

जुनानाशिककर

संपादक, याला धाग्यातून काढा. नाही, पुणेकर येतील आता.

परिचारिका_ताई

मिसळप्रेमी, चव साधारण काही महिन्यांत बरीच परत येते, तोंडाचा कोरडेपणा मात्र राहतो. पाण्याची बाटली कायम जवळ. मटकी शिजवून, घोटून, वर दही घालून द्या. मिसळीचा आभास तरी होईल.

आता मूळ विषय. दादा म्हणतात तसं "सुखाने दिवस" याबद्दल लिहायलाच हवं, कारण मी घरोघरी जाऊन अशा पेशंटच्या जखमा धुते. हाडापर्यंत गेलेला कॅन्सर तसाच ठेवला तर सुखाने जात नाही. गालातून बाहेर येतो, भोक पडतं, प्यायलेलं पाणी बाहेर येतं, वास येतो, माश्या बसल्या तर अळ्या होतात. तोंड उघडेनासं होतं आणि माणूस कॅन्सरच्या आधी भुकेने खंगतो. हे घाबरवायला नाही लिहीत, ऑपरेशन नको म्हणणाऱ्या प्रत्येक घरात मी हे चित्र बघते.

पण ऑपरेशन झेपणारच नसेल तर हात झटकायचे असंही नाही. थोड्या दिवसांचं रेडिएशन देऊन दुखणं आणि रक्तस्राव कमी करता येतो. आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट आणि रोज सेलेकॉक्सिब अशा गोळ्या असतात. बरं न होणाऱ्या पेशंटमध्ये टाटाच्या २०२० च्या चाचणीत या गोळ्यांवरचे निम्मे पेशंट साडेसात महिने किंवा जास्त जगले, सलाईनच्या केमोवरचे निम्मे सहा महिने आणि काही दिवस किंवा जास्त. बरं करत नाहीत, पण घरी बसून घेता येतात. मॉर्फीन मागायला लाजू नका. ऑपरेशन न करणं हाही उपचारच आहे, पण तो ठरवून, डॉक्टरला धरून करायचा असतो. घाबरून घरी बसणं वेगळं.

सिन्नरकरीण

परिचारिकाताई, हे आम्हाला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर सासऱ्यांसाठी गोळ्यांचा रस्ता तरी विचारला असता.

गोदाकाठ

खर्चाचं कुणी बोललं नाही. ७० च्या वरच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान योजनेत वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे, ऑक्टोबर २०२४ पासून. आधार कार्डावर नोंदणी होते. शिवाय महात्मा फुले जनआरोग्य योजना आहेच. हॉस्पिटलच्या दारातच आरोग्यमित्राचं टेबल असतं, ॲडमिट व्हायच्या आधी तिथे बसा, नंतर नाही. कुठला पॅकेज कोड लावला आणि त्यात मांस लावण्याचा भाग धरलाय का, हे लिहून घ्या. ७५ च्या पुढे एसटी फुकट, निफाडहून नातेवाईक येतील-जातील त्यात वृद्ध असतील तर सांगा.

छाटणीवाला

सगळ्यांनी मतं दिली. आईंना कुणी विचारलंय का?

निशिगंधा_क

उत्तर द्यायला उशीर झाला, तपासण्यांत गुंतलो होतो. सगळ्यांचे मनापासून आभार. सिन्नरकरीण, तुमचा प्रतिसाद दादाला वाचून दाखवला. तो म्हणाला, "या बाईंना भेटायचंय."

छाटणीवाला दादा, खरं सांगायचं तर आईसमोर आम्ही "छोटंसं ऑपरेशन" असंच बोलत होतो. तुमचा प्रश्न वाचून दुसऱ्या दिवशी तिला सर्जनसमोर बसवलं आणि आम्ही गप्प बसलो. आईने पदराची गाठ सोडली, आतून कागद काढला. तिने स्वतः प्रश्न लिहून आणले होते! पहिला, नळीने खायला घालणार म्हणता, मग एकादशीला नळीतून काय घालतात? सर्जन हसले, म्हणाले राजगिऱ्याची पातळ पेज चालेल, गाळून. दुसरा, बोलता येईल का. जीभ वाचतेय, त्यामुळे जड पण समजेल असं बोलता येईल. चेहऱ्याचं त्यांनी स्वतःहून काढलं तर म्हणाली, "मला आता कोण बघायला येणार आहे?" तिसरं तिने दादाकडे बघून सांगितलं. टेबलावरून उतरल्यावर काही बिघडलं तर थोडे दिवस मशीन लावा, पण त्यावर महिनोन्महिने ठेवू नका. सर्जननी ते केसपेपरवर लिहून घेतलं.

जबड्याचा उजवीकडचा मागचा तुकडा जाणार आहे, हनुवटी वाचतेय. त्यामुळे हाड न लावता छातीचं मांस. फुफ्फुसं ठीक आली, अल्ब्युमिन ३.४, म्हणून आहारतज्ज्ञांनी अंडी सांगितली आहेत. आई माळकरी, त्यामुळे घरात नवीन वाद. सध्या पनीर, सोया आणि प्रोटीन पावडर. शुगर खाली आणायला पंधरवडा दिलाय, त्यानंतर ऑपरेशन. दादाला अजून पटलेलं नाही, पण रात्री हॉस्पिटलमध्ये तोच झोपणार आहे. मिश्रीचा डबा त्यानेच शोधून काढला, तांदळाच्या पिंपात होता.

भूलवैद्य

अल्ब्युमिन ३.४ आणि पंधरवडा म्हणजे बरंच काही सुधारू शकतं. रात्रीच्या माणसाने आईंचा चष्मा, घड्याळ आणि रोजची जपाची माळ सोबत ठेवावी. दिवसा खिडकीचा पडदा उघडा, रात्री दिवे बंद करायला सांगा, सारखं सांगत राहा की तुम्ही हॉस्पिटलात आहात. डिलिरियमला याचा औषधापेक्षा जास्त उपयोग होतो.

तपोवनी

आणि दादाला पाटी-पेन द्या. शुद्धलेखनावरून भांडू नका म्हणावं. आमचं झालं होतं.

दातवाला

सगळं वाचलं, पण दातांचं कुणी काढलं नाही म्हणून येतो. निशिगंधाताई, खाली दात शिल्लक आहेत का?

निशिगंधा_क

वर पूर्ण कवळी आहे. खाली समोरचे काही आहेत, त्यातले दोन हलतात. आणि उजवीकडे जखमेला लागून एक दाढ. ती पण हलते. कोपऱ्यावरचे डॉक्टर काढून देतो म्हणत होते.

दातवाला

ती दाढ अजिबात काढू नका! गाठीतली दाढ उपटली की त्या खड्ड्यातून कॅन्सर हाडात उतरायला वाट मिळते. ती जबड्याच्या तुकड्याबरोबर जाईलच. समोरचे हलणारे मात्र रेडिएशनच्या आधी निघायला हवेत. नंतर काढले तर जागा न भरण्याचा, हाड सडण्याचा धोका असतो. सर्जनना सांगून त्याच भुलेत काढून घ्या, म्हणजे रेडिएशनपर्यंत हिरडी भरायला वेळ मिळेल. उरलेल्या दातांना फ्लोराइड. आणि कवळी आजपासून काढून ठेवा, तोंडात नको.

निशिगंधा_क

कवळीशिवाय ती खाणार कशी? आत्ताच तर वजन वाढवायचंय.

दातवाला

वजन मिक्सरने वाढतं. खिचडी, पनीर, काजू, तूप एकत्र फिरवा, थोडं ताक घाला. ऑपरेशननंतर नळीतून तेच घालायचंय, आत्तापासून प्रमाण जमवा. कवळी पाण्याच्या डब्यात ठेवा, फेकू नका. नवी करताना माप घ्यायला लागेल.